सर्वांदेखत बोललात, म्हणून सर्वांदेखत लिहिते

शाखा व्यवस्थापक साहेबांस,


हे पत्र पाकिटात घालून तुमच्या टेबलावर ठेवता आलं असतं. तसं केलं नाही, कारण माझ्या मोठ्या भावाला तुम्ही जे बोललात ते केबिनमध्ये बसवून बोलला नाहीत. सोमवारची सकाळ होती. पासबुक भरायला आलेल्या बायांची रांग होती, पीक कर्जाचे कागद घेऊन आलेले कास्तकार होते, आमच्याच गावची दोन पोरं होती. त्या सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "बाबा, कळत नाही तर मोबाइल वापरता कशाला? ओटीपी तुम्हीच दिला असेल. आता बँक काय करणार?" रांगेतली दोन-चार माणसं हसली. भाऊ काही बोलले नाहीत. बाहेर येऊन शाखेच्या पायरीवर बसले आणि मला म्हणाले, "मी कोनालेच सांगतलो नाही वो बाई."

तुमचं नाव मी लिहीत नाही, बँकेचंही नाही. एका माणसाला उघडं पाडून माझं समाधान होणार नाही. तुम्ही बोललात ते वाक्य मोहाडीत बोललं जातं, तुमसरात बोललं जातं, साकोली, लाखनी, पवनी, लाखांदूर, कुठेही जा, काउंटरपलीकडून तेच ऐकू येतं. हे आपल्यालाच लिहिलं आहे असं वाटणाऱ्या प्रत्येकाला हे पत्र लागू आहे.

आधी काय घडलं ते सांगते. तुम्ही ते विचारलंच नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी भाऊंच्या व्हॉट्सॲपवर शेतकऱ्यांच्या एका गटात एक फाइल आली. नाव पीएम किसानच्या यादीचं. पाठवणारा नंबर अनोळखी नव्हता. शेजारच्या गावातल्या, भाऊंच्या बसण्या-उठण्यातल्या कास्तकाराचा होता. हप्त्याच्या यादीत आपलं नाव आहे की कटलं, हे बघायला भाऊंनी ती उघडली. ती यादी नव्हतीच. फाइलीच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी तीन अक्षरं होती. ही अक्षरं असलेली फाइल उघडली की ती वाचायची नसते, फोनमध्ये एक नवं ॲप बसतं. बसताना ते परवानग्या मागतं, त्यात संदेश वाचण्याची आणि पाठवण्याची परवानगी असते. एकदा ती मिळाली की बँकेकडून येणारा प्रत्येक ओटीपी मालकाच्या आधी चोराला दिसतो. काही ॲप तर आलेला संदेश मालकाला दिसूच देत नाहीत. मग तेच ॲप तीच फाइल त्या फोनमधल्या सगळ्या ओळखीच्या लोकांना आपोआप पाठवतं. म्हणजे ज्याच्या नंबरवरून भाऊंना फाइल आली, तो कास्तकारही आधीच लुटला गेला होता आणि त्याला अजून पत्ता नव्हता. असाच सापळा 'आरटीओ चलान' या नावानेही फिरतो, लग्नपत्रिकेच्या नावानेही फिरतो.

रात्रीतून धानाचे चुकारे गेले. तुकड्या-तुकड्यांनी गेले. सकाळी भाऊंनी फोन पाहिला तेव्हा एक-दोन संदेश होते, तेही इंग्रजीत. भाऊ सातवी शिकलेले आहेत, मराठी वर्तमानपत्र रोज पहिल्या पानापासून वाचतात. इंग्रजी त्यांना येत नाही, हे तुमच्या शाखेला खातं उघडल्या दिवसापासून माहीत आहे, कारण त्यांची सही मराठीत आहे. नातू उठला, त्याने वाचलं. पासबुकावरच्या नंबरला फोन लावला. अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा, असं करत शेवटी एक माणूस बोलला, त्याने तक्रार क्रमांक दिला. खातं मात्र बंद केलं नाही. त्या दिवशी दुपारी उरलेली रक्कमही गेली.

हे सगळं आम्ही कागदावर लिहून आणलं होतं. तो कागद तुम्ही हातातही घेतला नाही.

साहेब, भाऊंनी ओटीपी कुणालाही सांगितला नाही. तरीही "ओटीपी तुमच्याच मोबाइलवर आला होता" एवढ्या एका वाक्यावर तुम्ही निकाल दिला. घराला कुलूप असताना चोराने मागची भिंत फोडली, आणि पंचनाम्याला आलेला माणूस मालकाला म्हणतो की किल्ली तर तुझ्याच खिशात आहे, असा हा न्याय झाला.

मला बँकेचे नियम कळत नव्हते. आयुष्य जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलं, तेव्हा वाचायची सवय तेवढी आहे. म्हणून शोधून वाचले. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी एक परिपत्रक काढलं, ग्राहकाच्या परवानगीशिवाय त्याच्या खात्यातून ऑनलाइन पैसे गेले तर तोटा कुणी सोसायचा याबद्दल. त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांसाठीही तसंच परिपत्रक निघालं. त्यात लिहिलं आहे की चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काहीच भार नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, व्यवस्थेत तिसरीकडेच कुठे आहे, आणि ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तरीही त्याच्यावर भार नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजारांपर्यंतच झळ. कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची आणि ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची. ग्राहकाने आपली गुप्त माहिती दुसऱ्याला दिली, अशी त्याची हयगय असेल तर तोटा त्याचा. पण तोही त्याने बँकेला कळवेपर्यंतचाच. कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेचा. आणि हयगय ग्राहकाचीच होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे, ग्राहकावर नाही.

तुम्ही काय सिद्ध केलंत? "दिला असेल" म्हणालात. भाऊंचा फोन तुम्ही पाहिला नाहीत. रविवारचा तक्रार क्रमांक विचारला नाहीत. त्यानंतर दुपारी गेलेली रक्कम कुणाच्या हिशेबी धरायची, हे तर तुमच्या मनातही आलं नाही. परिपत्रक असंही म्हणतं की हयगय ग्राहकाची असली तरी बँक आपल्या अधिकारात भार माफ करू शकते. एवढं सगळं तुमच्या हाती असताना तुम्ही एका सत्तरीच्या माणसाला रांगेसमोर अडाणी ठरवून मोकळे झालात.

आता मोबाइल वापरता कशाला, या प्रश्नाचं उत्तर.

भाऊंनी मोबाइल मागितला नव्हता, साहेब. पूर्वी धान विकलं की चुकारे हातात मिळत. मग खात्यात येऊ लागले, ते चांगलंच झालं, मधला माणूस गेला. आधारभूत केंद्रावर धान द्यायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी, आधार, बँक खातं, मोबाइल नंबर. धानाचा बोनस, हेक्टरी २० हजार, दोन हेक्टरपर्यंत, तोही खात्यात. पीएम किसानचे दोन-दोन हजार खात्यात, नमो शेतकरीचे खात्यात, वहिनीचे लाडक्या बहिणीचे दीड हजार खात्यात. प्रत्येकाला केवायसी, प्रत्येकाला ओटीपी. आणि तुमच्याच शाखेतल्या एका मुलाने, रांग कमी व्हावी म्हणून की त्याला महिन्याचा आकडा पूर्ण करायचा होता म्हणून, भाऊंचा फोन स्वतःच्या हातात घेऊन बँकेचं ॲप टाकून दिलं. चार अंकी पिन कुठला ठेवायचा तेही त्यानेच सुचवलं. तेव्हा कुणी भाऊंना म्हटलं नाही की बाबा, तुम्हाला कळत नाही, तुम्ही मोबाइल वापरू नका. रोजची मर्यादा पाच हजारांवर आणून ठेवता येते, हेही कुणी सांगितलं नाही. ज्या खात्यातून कधी दोन-तीन हजारांवर ऑनलाइन गेले नाहीत, त्यातून मध्यरात्री लागोपाठ मोठ्या रकमा निघतात आणि तुमच्या यंत्रणेला काही वेगळं वाटत नाही. सातवी शिकलेल्या म्हाताऱ्याला मात्र फाइलीच्या नावातली तीन इंग्रजी अक्षरं ओळखता यायला हवी होती.

आमच्या जिल्ह्यात पैसा कधी येतो हे चोराला आमच्याइतकंच ठाऊक आहे. रोवणीच्या वेळी खाती रिकामी असतात. चुकारे सुटले, बोनस सुटला, हप्ता जाहीर झाला की त्याच आठवड्यात असे संदेश येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडक्या बहिणींना ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा बनावट संकेतस्थळांबद्दल खुद्द सरकारला इशारा द्यावा लागला. सरकार म्हणतं अमक्या तारखेच्या आत करा नाहीतर हप्ता बंद, आणि चोरही तेच म्हणतो. दोघांचे संदेश एकाच फोनवर येतात. गावातल्या बाईने ते वेगळे कशावरून करायचे?

न शिकलेलेच फसतात, असं तुम्हाला मनापासून वाटत असेल तर तेही खरं नाही. लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांच्यासमोर २०२४ मध्ये व्हिडिओ कॉलवर खोटं न्यायालय उभं केलं गेलं, सरन्यायाधीशांचं सोंग घेतलेला माणूस बसवला गेला, आणि सात कोटी गेले. मुंबईत ८६ वर्षांच्या एका बाईंना डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ असे महिनोन्महिने 'डिजिटल अटके'च्या धाकात ठेवून २० कोटींवर रक्कम काढून घेतली. २०२५ मध्ये मुंबईतल्याच ७२ वर्षांच्या एका व्यावसायिकाचे ५८ कोटी गेले. अंबाल्याच्या एका वृद्ध जोडप्याला सर्वोच्च न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून लुटलं. त्यांनी न्यायालयाला पत्र लिहिलं तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरात या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला. न्यायाधीशांनी त्या जोडप्याला, कळत नव्हतं तर फोन कशाला उचलला, असं विचारलं नाही. आपल्या शेजारच्या गोंदियाचं प्रकरण तर तुम्हाला माहीत असेलच. नागपूरच्या एका व्यापाऱ्याचे ऑनलाइन जुगाराच्या बनावट ॲपमध्ये ५८ कोटी गेले, आणि जुलै २०२३ मध्ये पोलिसांनी आरोपीच्या गोंदियातल्या घरावर छापा घातला तेव्हा रोकड आणि सोन्याचांदीचा ढीग निघाला. तो व्यापारी होता, हिशेबाशी रोजचा संबंध असलेला.

आणि बँका फसत नाहीत का? पुण्याची कॉसमॉस बँक आठवा. ११ ऑगस्ट २०१८, तोही शनिवारच होता. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरून बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे उपसले, सोमवारी हाँगकाँगच्या एका खात्यात आणखी रक्कम वळवली. एकूण ९४ कोटी. पुणे पोलिसांनी तपास केला, हाँगकाँगमधून काही रक्कम परत मिळवली, एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. हे सगळं व्हायलाच हवं होतं. त्या बँकेवर दरोडा पडला होता आणि सगळ्यांनी त्याला दरोडाच म्हटलं. आमच्या भाऊंवरही दरोडाच पडला. रक्कम लहान होती, पण त्यांच्या घरात त्या रकमेपलीकडे दुसरी नव्हती. परह्यांपासून कापणीपर्यंत, भाड्याचा ट्रॅक्टर, मजुरी, खत, सगळं वजा जाऊन उरलेलं ते होतं.

मला सर्वांत जास्त जाळतं ते वेगळंच. भाऊंचे पैसे हवेत विरले नाहीत. ते एका खात्यात गेले, तिथून दुसऱ्या, तिसऱ्या, मग कुठल्याशा एटीएममधून रोख निघाले. त्यातलं प्रत्येक खातं कुठल्या तरी बँकेत आहे. त्या खात्याला आधार जोडलेलं आहे, फोटो आहे, सही आहे. भाऊंना पीक कर्ज हवं तर सातबारा, आठ-अ, इतर बँकांचे नो ड्यूज, दोन जामीनदार, आणि तरीही 'उद्या या'. चोराला मात्र एका रात्रीत चार-पाच खाती मिळतात. कशी मिळतात तेही मला आता कळलं आहे. बेकार पोरांकडून पाच-दहा हजारांत खातं विकत घेतात: पासबुक, एटीएम कार्ड, सिमसकट. आपल्या गावांतली पोरंही यात सापडू शकतात. त्यांना वाटतं, रिकामं खातं, आपलं काय जातं. गुन्हा दाखल झाला की पहिली नोटीस त्यांच्या दारात येते. अशी भाड्याची खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्याच संस्थेने संगणकप्रणाली तयार केली आहे. म्हणजे शोधायचं ठरवलं तर सापडतात. मग भाऊंना विचारला तसा एक प्रश्न त्या खात्यांच्या शाखांनाही विचारा ना: कळत नव्हतं तर खातं उघडलंत कशाला?

फोनच्या पलीकडे बोलणारा तरी कोण असतो, हेही मी वाचलं. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने म्यानमारच्या सीमेवरच्या फसवणूक-छावण्यांतून सुटलेल्या ५४९ जणांना विमानांनी परत आणलं. नोकरीच्या आमिषाने नेलेल्या या माणसांचे पासपोर्ट काढून घेतले जायचे आणि दिवसाला इतक्या जणांना फसवा असं सांगितलं जायचं. पुढच्या महिन्यात महाराष्ट्र सायबरने साठाहून अधिक जणांची सुटका आणि काही दलालांची अटक जाहीर केली. इतका मोठा कारखाना आमच्या कास्तकाराविरुद्ध चालतो. सरकारने जुलै २०२५ मध्ये संसदेत सांगितलं की २०२४ या एका वर्षात देशातल्या लोकांचे २२ हजार ८४५ कोटी रुपये सायबर फसवणुकीत गेले. २०२३ मध्ये हाच आकडा ७ हजार ४६५ कोटी होता. एका वर्षात लोक तिप्पट मूर्ख झाले, असं तुम्ही म्हणाल का?

त्याच उत्तरात आणखी एक आकडा होता. १९३० या नंबरवर वेळेत कळवल्यामुळे साडेसतरा लाखांहून अधिक तक्रारींत मिळून ५ हजार ४८९ कोटी रुपये वाचले. हा नंबर भाऊंना माहीत नव्हता. मलाही नव्हता. तो आम्हाला सोमवारी दुपारी, तुमच्या शाखेतून निघाल्यावर, भंडाऱ्याला सायबर पोलिसांकडे गेल्यावर कळला. तिथल्या एका मुलीने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि पहिलं वाक्य म्हणाली, "काका, तुमची चूक नाही. किती वाजता गेले ते सांगा." मग तिने समजावलं की १९३० वर फोन केला की तक्रार त्याच क्षणी बँकांच्या जाळ्यात पडते, पैसे ज्या खात्यात पोचले तिथेच ते थोपवले जातात, आणि तिथून पुढे सरकले तर पुढच्या खात्यात. जितका उशीर, तितकी खाती. पहिला तास सर्वांत मोलाचा. रविवारी सकाळी आमच्या हातात तो नंबर असता तर दुपारची रक्कम तरी नक्की वाचली असती.

म्हणून माझी तक्रार तुमच्या बोलण्याइतकीच तुमच्या गप्प राहण्याबद्दल आहे. भाऊ महिन्यातून दोनदा तरी तुमच्या शाखेत येतात. भिंतीवर विम्याचे, सोनेतारण कर्जाचे, गाडी कर्जाचे फलक मराठीत आहेत. १९३० कुठे आहे? ग्राहकांसाठीचं छापील साहित्य प्रादेशिक भाषेतही हवं, हा रिझर्व्ह बँकेचाच दंडक आहे. पासबुक भरून देताना तुमचा माणूस एवढं तरी सांगू शकला असता: बाबा, एपीके नावाची फाइल कुणाचीही आली, पोराची आली तरी उघडू नका, उघडलीच तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्याच्या फोनवरून १९३० लावा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन मागितला की समजा पैसे जाणार आहेत. बँकेकडून व्यवहाराबाबत येणारा फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यावा, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलं आहे. साध्या दहा आकडी मोबाइलवरून 'मॅनेजर बोलतो' म्हणणाऱ्याला उत्तर देऊ नका. बँकांच्या संकेतस्थळांच्या नावाच्या शेवटी आता 'बँक डॉट इन' असतं, ते बघा. अटक व्हिडिओ कॉलवर होत नाही, तशी अटक करण्याचा कायदाच देशात नाही. गावातल्या सेवा केंद्रात अंगठा लावून पैसे काढता, तर काम नसताना आधारचे ठसे कुलूपबंद करून ठेवा, एम-आधारवर ते होतं; जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून लोकांचे पैसे काढल्याचे प्रकार देशात घडले आहेत. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते संचार साथीवर पाहता येतं. हे सांगायला दहा मिनिटं लागतात. विमा विकायला तुमची माणसं याहून जास्त वेळ बसतात, मी स्वतः पाहिलं आहे.

हाव धरणाऱ्यांनाही कायद्याने कसं वागवलं ते बघा. नागपुरात २०१३-१४ च्या सुमारास दामदुप्पट योजनांची मोठी प्रकरणं उघडकीस आली, तेव्हा आमच्या ओळखीतल्या लोकांचेही पैसे बुडाले. जास्त व्याजाच्या आशेने त्यांनी स्वतःच्या हाताने पैसे दिले होते. तरीही कायद्याने त्यांना ठेवीदार म्हटलं, १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्याखाली त्या कंपन्यांची मालमत्ता जप्त झाली. भाऊंना कसलीच हाव नव्हती. त्यांनी फक्त यादीत आपलं नाव पाहायचं ठरवलं होतं.

त्या सोमवारनंतर भाऊ शाखेत गेलेले नाहीत. पासबुक भरायला नातवाला पाठवतात. पानठेल्यावर बसणं सोडलं आहे, कारण तिथे कुणीतरी विचारतंच, "का हो, ओटीपी सांगतला म्हणे?" वहिनी म्हणतात, पैसे पुढच्या हंगामाला येतील, माणूस पहिल्यासारखा कधी होईल ते सांगा. आणि ज्या बाया त्या दिवशी रांगेत होत्या, त्यांच्यापैकी उद्या कुणाचे दीड हजार गेले तर ती तुमच्याकडे येणार नाही. नवऱ्यालाही सांगणार नाही. तिचा तो पहिला तास लाजेत जाईल. चोराला हेच हवं असतं, साहेब.

मला तुमच्याकडून काय हवं ते लिहिते.

भाऊंच्या तक्रारीचं उत्तर लेखी द्या. प्रत्येक व्यवहाराची वेळ, रक्कम, ती कुठल्या बँकेत गेली, हयगय कुणाची आणि ती तुम्ही कशावरून ठरवलीत, हे त्यात हवं. रविवारी सकाळी तक्रार नोंदल्यानंतर दुपारी गेलेली रक्कम आधी परत करा. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. शाखेच्या दारात १९३० मराठीत, दुरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत लावा. येत्या ग्रामसभेला स्वतः या किंवा तुमच्यातला एखादा समजूतदार माणूस पाठवा. सभा मी भरवून देते; शाळेची खोली मिळेल, सरपंचांशी बोलणं झालं आहे. बायांना पुढे बसवीन. आणि तिथे भाऊंना समोर बोलावून म्हणा की त्या दिवशी मी चुकीचं बोललो.

नंतर दिलेल्या तक्रार अर्जाची पोच माझ्याकडे आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटण्यासारखं आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली तक्रार करता येते, त्याला फी लागत नाही, वकील लागत नाही. १४४४८ वर फोन करून मी विचारून घेतलं आहे. अर्ज लिहून तयार आहे. रविवारच्या तक्रार क्रमांकाची आणि इंग्रजी संदेशांची छायाचित्रं सोबत जोडली आहेत. पोस्टात टाकायची तारीख तेवढी लिहायची राहिली आहे.

आपल्या शाखेची एक खातेदार,
सेवानिवृत्त शिक्षिका,
ता. मोहाडी, जि. भंडारा